ब्रिहिदाचा पंप

सालामिना, ४ ऑगस्ट

चि. योलिमास एलिएसरमामाचे अ. उ. आ.

तुमच्या विद्यापीठाचा पितळी पर्जन्यमापक, वटवाघळांचे आवाज टिपणाऱ्या यंत्राची पेटी, तुझी माती चाळायची हलती चाळणी आणि परवा तुमच्या गुरुवारच्या बैठकीत तुझ्या सोबतिणीचा, ब्रिहिदाचा बंद पंप. सगळं याच हातांनी दुरुस्त केलं, शाळा सहावीत सोडून. वॉशर उलटा होता. कॉफी निवायच्या आत पंप धावायला लागला. वॉशर कसा बसवतात, तेही सविस्तर सांगितलं. तरी तुम्हां संशोधकांची तोंडं कडू! तुमच्यात वडीलधारं कुणी नाही, त्याचा हा परिणाम.

राग नाही, पण खुलासा हवा.

तुझा मामा

मानिसालेस, ९ ऑगस्ट

ती. मामास शि. सा. न. वि. वि.

आम्ही सहाजण, सहा विषयांचे, सगळेच नवशिके. कुणी कुणाचा साहेब नाही. आठवड्यात जे फसलं ते टेबलावर ठेवायचं आणि बाकीच्यांनी फक्त प्रश्न विचारायचे, एवढा एकच नियम. पंप हे ब्रिहिदाचं फसलेलं होतं. त्यापायी तिचे नदीच्या पाण्याचे नमुने वाया गेलेत आणि प्राध्यापकांना सांगायची तिला भीती वाटते. तू पंपच चालू केलास. बिचारी सगळं ठीक आहे म्हणून खाली बसली.

पुढची पाळी माझी होती. माझा मातीचा अभ्यास पार फसलाय, संशोधन सोडू का, हे विचारणार होते. तू कौतुकाने बघत होतास, म्हणून झकास चाललंय म्हणाले. आता विद्यापीठाची कचेरी आमच्यावर कुणी ज्येष्ठ मार्गदर्शक नेमणार आहे. तो बसला की आम्ही उठणार, असं सगळे म्हणतात. मग मी विचारू कुणाला?

माया आहेच; पुढच्या वेळी पाना घरी ठेवून ये.

तुझी योलिमा

सालामिना, १४ ऑगस्ट

चि. योलिमास अ. उ. आ.

पत्र वाचून मी आधी खुर्चीचा डुगडुगता पाय घट्ट केला, मग मामीला दाखवलं. ती म्हणाली, यात नवल ते काय, लग्न झाल्यापासून मी रडायला बसले की हा माणूस नळ खोलून दुरुस्त करत बसतो. मी पुरावा मागितला. तिने चार दिले, तारखांसकट. एक तारीख चुकली होती, ती मी दुरुस्त केली.

तर तुझी पाळी परत घे. सोडायचं की राहायचं, ते त्या पाचजणांसमोर बोल. मला नंतर सांगितलंस तर ऐकेन, हात खिशात ठेवून.

कमीजास्त बोललो असेन, ते वजा करून माया ठेव.

तुझा मामा

ता. क. तो ज्येष्ठ मार्गदर्शक मीच होणार होतो. सोमवारी कचेरीचा माणूस घरी आला. मी इस्त्रीचा सदरा घालून तयार होतो. तरी नको म्हणालो. दर गुरुवारी तुमच्यात बसून शहाणपण सांगायचं, आणि त्याचे महिना नऊ लाख पेसो.