आपल्या माणसाचं पाणी

आबा,

तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली. तुमची लेक नेमकं काय काम करते, हे तुम्हाला सांगायचं राहिलं. तुम्ही एकदा विचारलं होतं. मी सुट्टीत आले होते, तुम्ही ओट्यावर बसून नारळ सोलत होता, शेंडी तेवढी राखून. म्हणालात, "तू तिथं करती काय नेमकं?" मी म्हणाले, "आम्ही कण फोडतो." तुम्ही म्हणालात, "फोडून?" तेवढ्यात आईनं जेवायला हाक मारली आणि ते तिथंच राहिलं.

आज त्याच ओट्यावर बसले आहे. भाऊ कांद्याच्या वावरात गेला आहे. घरात कोणी नाही, म्हणून लिहिते.

शिशाचे अणुगर्भ प्रचंड वेगानं एकमेकांवर आपटतात. यंत्र परदेशात आहे, जमिनीखाली. आमच्याकडे येतात ते आकडे. आपटल्यावर इतकी उष्णता होते, की प्रोटॉन आणि न्यूट्रॉन वितळतात आणि त्यांच्या आत कायम कोंडलेले क्वार्क आणि ग्लुऑन मोकळे होतात. त्या रश्श्याला प्लाझ्मा म्हणतात. तो दिसायच्या आत संपतो. त्यात बाहेरून काही खुपसताही येत नाही. म्हणून त्याच टकरीत पहिल्या क्षणी जन्मलेला एखादा जोरकस क्वार्क धरायचा. तो त्या रश्श्यातून वाट काढत बाहेर पडतो आणि त्याचा कणांचा झोत होतो. त्याला जेट म्हणतात. साध्या टकरीत हा रस्सा होत नाही. तिथला झोत आणि हा झोत शेजारी ठेवायचे, आत किती ऊर्जा जिरली ते पाहायचं, आणि त्यावरून आत काय होतं ते ओळखायचं. क्वार्कांत काही हलके, काही जड. जड क्वार्क वाटेत कमी ऊर्जा उधळतो, असं गणित सांगतं. तो खरोखर तसा वागतो का, हे आम्ही पाहतो.

अडचण अशी, की झोत एकटा येत नाही. त्याच टकरीतून हजारो दुसरे कण निघतात आणि झोतात मिसळतात. बाजाराच्या दिवशी एसटीतून उतरणाऱ्या गर्दीत एका घरचं वऱ्हाड वेगळं काढावं, तसं हे आहे. वऱ्हाडातले नसतील ते वजा करायचे. थोडं जास्त वजा झालं की झोत दुबळा दिसतो, थोडं कमी झालं की धट्टाकट्टा. किती वजा करायचं, हेच आमचं काम. बाकीचं संगणक करतो.

तुम्ही पाणी बघायचा. गाव तुम्हाला पाणाड्या म्हणायचं. तळहातावर आडवा नारळ, अनवाणी पाय, डोळे समोर. चालता चालता नारळ हळूहळू उठून उभा राहायचा. तिथं कोणीतरी दगड ठेवायचं. पारनेर तालुक्यात तुमच्या दगडांवर किती बोअर घेतल्या गेल्या, तुम्हालाही माहीत नसेल. काहींना पाणी लागलं, काहींना नाही. कॉलेजात गेल्यावर मी तुम्हाला म्हणाले, "आबा, नारळ हातानंच उभा राहतो." मला वाटलं, चिडाल. तुम्ही म्हणालात, "हातानंच ऱ्हातो की. पायानं कसा ऱ्हाईल?" आई पदर तोंडाला लावून हसली. तुमच्या नारळावर माझा तेव्हा विश्वास नव्हता. आजही नाही.

आक्काच्या वावरातला दिवस मात्र मला सोडत नाही. आक्का तुमची थोरली बहीण, ओढ्यापलीकडे एकटी राहायची. तिचे गुडघे गेले होते. पाणी दाराजवळ लागावं, एवढंच तिचं म्हणणं. तुम्ही सकाळपासून तिचं सगळं वावर चालला होता. नारळ वरच्या बांधाला जरा हलला, पुन्हा पडला. तुम्ही पुढे गेलात. आक्का दारात बाज टाकून बसली आहे आणि तुमच्याकडे बघते आहे. तुम्ही तिच्या अंगणाच्या कडेला येता आणि नारळ उभा राहतो. ताठ. आक्का बाजेवरून म्हणते, "आरं भावा, त्यालाबी माझं गुडघं कळलं की रं!" सगळे हसतात. तुम्ही हसता.

दुसऱ्या दिवशी बोअरची गाडी आली. धुरळा उडत राहिला. आधी तांबडा, मग पांढरा, आणि मग पांढराच; ओल कुठं नाही. गाडीवाला खाली उतरून तुमच्याकडे न बघता विडी शोधायला लागला. आक्काच्या केसांवर, बाजेवर, तुळशीवर सगळीकडे पांढरं बसलं होतं. ती म्हणाली, "पीठ निघालं, भावा. आता चाळून ठिवते, तू आला की भाकरी टाकते." मला हसू आलं. तुम्ही मला बाजूला घेतलंत आणि म्हणालात, "तिनं हसावं. तिचं गेलंय. तू हसू नको." तुम्ही मला त्याआधीही रागावला असाल, पण माझ्या लक्षात राहिलेलं हे एकच.

संध्याकाळी तुम्ही चुलीपाशी बसला होता. आई भाकऱ्या थापत होती. तुम्ही ज्वाळेकडे बघत म्हणालात, "आक्काला तिथंच पानी लागावं, असं मला लई वाटत हुतं."

"मग वाईट काय त्यात?" आई म्हणाली. "भैनच हाय की तुमची."

"त्यातच वाईट हाय. वाटत हुतं, म्हनून हात गेला."

"बरं. आता तो हात हिकडं करा, भाकरी घ्या."

त्यानंतर तुम्ही नातलगाचं पाणी बघितलं नाही. मामानं किती गळ घातली. तुम्ही कोल्हारच्या बाजूचा एक पाणाड्या सांगून मोकळे झालात. परक्याच्या वावरात गेलात तरी आधी सांगायचा, "कुटं पायजेल ते मला सांगू नगा." लोकांना तो माज वाटायचा. पाणाड्या लई भाव खातो म्हणायचे. आणि तरी सांगायचेच. एखादा हव्या त्या जागी जाऊन उभा राहायचा. एखादा नेमका तिथंच चहा मागवायचा. तुम्ही पाठ करून उभे राहायचा.

या नियमानं पाणी वाढलं नाही. नंतरही तुमच्या किती बोअर कोरड्या गेल्या. आक्काकडे पुढे दुसरा पाणाड्या आला, त्याचंही पीठच निघालं. तेव्हा तुम्ही बरोबर होता, असं मी म्हणत नाही. तुम्हाला हाताचं कळलं होतं, की बहिणीपुढे पुन्हा तसं उभं राहायची भीती होती, हेही मला माहीत नाही. विचारायला हवं होतं.

आता माझं सांगते. माझ्याकडे एक विद्यार्थिनी आहे, राजूरकडच्या डोंगरातली. पहिल्यांदा आली तेव्हा तिच्या आईनं माझ्यासाठी पिशवीभर तांदूळ पाठवला होता. मी म्हणाले, असं काही आणत जाऊ नकोस. ती म्हणाली, "मॅडम, परत नेला तर आई मलाच शिजवंल." तिचं काम जड क्वार्कच्या झोतांवर आहे. रात्रंदिवस खपते. जेवायचं विसरते, मग माझ्या डब्यातलं खाते आणि वर भाजीला नावं ठेवते. माझ्या घरात पोर नाही. मी त्याबद्दल कधी काही लिहिलं नाही, आताही लिहीत नाही.

तिची वजाबाकी पहिल्यांदा झाली तेव्हा जड आणि हलक्या झोतांत फरक दिसेना. आम्ही बसलो. तिनं एक त्रुटी शोधली, खरीच होती. दुरुस्त केली. फरक थोडा दिसायला लागला. पुन्हा बसलो. मी एक त्रुटी दाखवली, तीही खरी होती. मग एक दिवस आलेख उघडला आणि जडाचा झोत हलक्याच्या वर स्वच्छ उभा होता, गणित म्हणतं तसा. ती टाळी वाजवून म्हणाली, "मॅडम, आला बघा!" मी म्हणाले, "झालं. आता हात लावू नकोस."

त्यानंतर आम्ही एकही त्रुटी शोधली नाही.

केलेली प्रत्येक दुरुस्ती योग्य होती, आबा. कोणी विचारलं तर प्रत्येकीचं कारण मी देऊ शकते. फक्त थांबायची जागा आम्ही बघून निवडली. आणखी शोधलं असतं तर आणखी सापडलं असतं, आणि तो झोत कदाचित खाली बसला असता. किंवा नसता. मला माहीत नाही, आणि माहीत करून न घेताच मी झालं म्हणाले.

यावर आमच्यात एक उपाय आहे. डोळे बांधायचा. तिसऱ्या माणसानं उत्तरात एक गुपित आकडा मिसळून द्यायचा, म्हणजे करणाऱ्याला उत्तर कुठं चाललंय ते कळत नाही. सगळी वजाबाकी मुळापासून तपासायची, पद्धत पक्की करायची आणि मगच तो आकडा काढायचा. यंदाच्या टकरींचे आकडे अजून आमच्यातल्या कोणी पाहिलेले नाहीत. त्यांवर हे करता येईल. वेळ मात्र लागेल. तिला परदेशात जागा मिळाली आहे. प्रबंध या महिन्यात दिला तर ती जागा तिची. नाहीतर ते दुसऱ्याला बोलावतील, तसं त्यांनी कळवलं आहे. सगळं करून तेच उत्तर आलं, तर तिची जागा फुकट जाईल. हे मला जास्त छळतं. चूक निघाली तर निदान मला काही म्हणता येईल.

मी हे बरेच दिवस पुढे ढकललं. प्रबंध तयार आहे, फक्त माझी सही राहिली आहे. सही करायला म्हणून घरी आणला. सकाळी या ओट्यावर उघडला आणि बंद केला. मग तिला फोन लावला.

"मॅडम, झाली सही?"

"नाही. आकडा मिसळून पुन्हा करायचंय. यंदाच्या डेटावर."

मागे कुकरची शिट्टी झाली. ती घरी, राजूरला होती.

"आपण तर झालं म्हणालो होतो."

"म्हणालो होतो."

"मग आता काय झालं? कोणी काय बोललं का?"

"वरून आलंय," मी म्हणाले.

"वरून म्हंजी?"

"वरून म्हणजे वरून."

"माझी जागा जाईल, मॅडम. त्यांना म्हाईत हाय का?"

"माहीत आहे."

"आणि तरी?"

"तरी."

ती रडली नाही. तिनं विचारलं, "मी त्यांना शिव्या देऊ का?" मी म्हणाले, "दे." तिनं दिल्या. तिच्या गावच्या बोलीत, सावकाश, एकेक. त्यांच्या खुर्चीला, त्यांच्या पगाराला, एसीत बसून दुसऱ्याच्या ताटात हात घालायच्या त्यांच्या सवयीला. कधी कुणाला पोटच्या पोरासारखं वाढवलं असतं तर कळलं असतं, म्हणाली. मी सगळं ऐकून घेतलं. शेवटी तिनं नाक ओढलं आणि म्हणाली, "तुमाला न्हाई बरं का, मॅडम. तुमी हाय म्हनून मी हाय. उद्या येते, आकडा कोणाकडनं घालून घ्यायचा ते सांगा." मी बरं म्हणाले आणि फोन ठेवला.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, हे कळतं. तिला ते दाखवायचं धाडस माझ्यात नाही.

वरून काहीही आलेलं नाही, आबा.