मागच्या फाटकावरची चिंधी

ती. अक्का,

पायांवर डोकं ठेवतो. कागदावर ठेवायला कंबर लागत नाही म्हणून बिनधास्त ठेवतो. प्रत्यक्ष भेटशील तेव्हा मी अर्ध्यावर वाकलो की तूच मला धर आणि सरळ कर.

तुझे गुडघे कसे आहेत? जिना चढताना कुरकुरायचे, आता उतरतानाही बोलायला लागले की काय? भाऊजींचा कान कसा आहे? (डावा म्हणतोय मी. उजव्याची आशा आपण सगळ्यांनीच सोडली. त्यांनी तर आपल्याही आधी सोडली आणि तेव्हापासून ते फार सुखात दिसतात.) भाच्याची पाठ काय म्हणते? खुर्चीत बसून बसून पाठ जाते असं तो मला समजावून सांगत होता. मी सगळा जन्म शिलाई मशीनवर वाकून काढला, माझी पाठ जाऊन इतका काळ लोटला की मला कधी पाठ होती हेच विसरलो, पण त्याला तसं बोललो नाही, पोराला वाईट वाटायचं. भाचेसुनेचा खोकला थांबला का? आणि नातीचा पुढचा दात? पडला असेल तर तिला सांग, मामाआजोबांचाही पडलाय. फरक एवढाच, की तिचा परत येणार आहे.

इकडे मी ठीक. ठीक म्हणजे दमलेला. कशानं दमलो म्हणून विचारशील तर काम काहीच नाही, दुकान मुलाकडे सोपवलंय, गिऱ्हाईकं आता मला फक्त नमस्कार करायला थांबतात. मी दमलो तो शिक्षणानं. अक्का, ज्या वयात लोक चष्मा शोधतात त्या वयात मी दप्तर शोधतोय.

तुला फोनवर अर्धवट सांगितलं होतं, आता सविस्तर ऐक. आमच्या घराखालच्या रस्त्यावर ती पिवळी शाळा आहे ना, तिथं दुपारी पोरं घरी गेली की मोठ्यांचा वर्ग भरतो. ज्यांचं शिक्षण लहानपणी अर्धवट राहिलं त्यांनी यावं, परीक्षा द्यावी, सर्टिफिकेट घ्यावं. याची वाट आमच्या हिनं फार वर्षं पाहिली होती. हिच्या पाठचा भाऊ जन्मला तेव्हा पाळणा हलवायला कोणीतरी हवं म्हणून हिला शाळेतून काढलं होतं. तो भाऊ शिकला, साहेब झाला, रिटायरसुद्धा झाला, पण पाळण्याची दोरी हिच्या हातातून काही सुटली नव्हती. वर्गाची पाटी पाहिली आणि ही मला म्हणाली, "तुम्ही येत असाल तर मी जाते. एकटी नाही जायची." मग काय, मी शिंगं मोडून वासरांत शिरलो.

माझं शिक्षण तुला ठाऊक आहे. अक्षरं मी रद्दीवर शिकलो. बाहीचा नमुना कापायला जुना पेपर घ्यायचा, कापायच्या आधी वाचायचा, असा माझा अभ्यासक्रम. त्यामुळे माझं सगळं ज्ञान मापाबरहुकूम आहे, कुठलीही बातमी बगलेपर्यंतच. कुठल्याशा देशाचा राजा पळाला हे मला माहीत असतं. पळून कुठे गेला ते कात्रीच्या पलीकडे राहिलेलं असतं. तेवढ्यावर संसार झाला. पण वर्गात बगलेच्या पुढचंही विचारतात.

वर्ग म्हणशील तर बाक पोरांच्या मापाचे. बसलं की गुडघे हनुवटीला टेकतात. (तुझे असते तर त्यांनी बाईंना उलट उत्तर दिलं असतं.) आमच्या बाई वयानं आपल्या नातवंडांत जमा. सकाळी त्या लहान पोरांना शिकवतात आणि दुपारी आम्हाला, आणि मध्ये त्यांना जीभ बदलायला वेळ मिळत नाही. त्यामुळे आम्हालाही "तोंडावर बोट", "वही नीट धरा" आणि "कोण घोरतंय?" हे सगळं त्याच सुरात मिळतं. घोरणारा मीच. जेवणानंतरची वेळ, वरून पंख्याची घरघर. लसावि काढताना डोळा लागतो आणि जाग येते तेव्हा फळ्यावर मसावि असतो.

आणि ही पहिल्या बाकावर. नुसती पहिल्या बाकावर नाही, वर्गाची मॉनिटर. अक्का, स्वतःच्या बायकोनं हजेरी घ्यावी आणि आपण शेवटच्या बाकावरून "हजर" म्हणावं, याचा सराव व्हायला माणसाला दुसरा जन्म हवा. घरीही सुटका नाही. इतकी वर्षं सकाळी पेपर मी मोठ्यानं वाचायचो आणि ही भाजी निवडत ऐकायची. आता पेपर तिच्या हातात आणि भाजी माझ्या. आणि ती मनातल्या मनात वाचते! मध्येच "अगं बाई" म्हणते आणि पान उलटते. काय झालं, कोणाला झालं, विचारलं तर म्हणते, "मेथी नीट बघा, माती राहते."

आता मुख्य प्रकरण. एका दुपारी बाईंनी हिला धडा वाचायला उभं केलं. हिनं सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचला, कुठं अडखळली नाही, स्वल्पविरामाला थांबली, पूर्णविरामाला श्वास घेतला. बाई म्हणाल्या, टाळ्या वाजवा. सगळ्यांनी वाजवल्या, मीही वाजवल्या, अगदी जोरात. आणि मग काय झालं कुणास ठाऊक, मी एकदम दमलो. मशीनचा पट्टा तुटल्यावर चाक नुसतं फिरत राहतं ना, तसं काहीसं. तेवढ्यात माझ्या शेजारी बसणाऱ्या कंडक्टरनं बाकावर दोनदा टकटक केलं. (हा रिटायर झालेला बस कंडक्टर. आयुष्यभर दोन घंट्या देऊन गाडी सोडली, ती सवय बोटांत राहिलीय. त्याच्या भाषेत दोन टकटक म्हणजे चला.) मी इतकी वर्षं दुसऱ्यांच्या मापानं वागलो, म्हटलं आज आपल्या मापानं. पाणी प्यायला म्हणून उठलो आणि दोघं मागच्या फाटकाशी आलो.

फाटकाला कुलूप. पण उंच नाही, पोरं रोज ओलांडतात. कंडक्टर चालत्या गाडीतून उतरावं तसा तोंड पुढे करून अलगद उतरला. मी वर चढलो तेवढा चढलो, आणि उतरताना लोखंडाचं टोक मागून पँटमध्ये शिरलं. आता पँट माझ्या हातची. इथं मला थोडं अभिमानानं लिहू दे: शिवण उसवली नाही. दुहेरी टीप होती, तिनं दगा दिला नाही. शिवणीशेजारचं कापड फाटलं आणि शिवणीसकट एक चांगला हातभर तुकडा फाटकावर राहिला. मी खाली, तुकडा वर. कंडक्टर म्हणाला, "सामान राहिलं तर जबाबदारी प्रवाशाची," आणि चालायला लागला.

बरं, पळालो खरे, पण जायचं कुठं याचा विचार कोणीच केला नव्हता. घराची किल्ली हिच्याकडे. कंडक्टरच्या घरी सून, ती शाळेतून इतक्या लवकर कसे आलात म्हणून उलटतपासणी घेणार. चहाची टपरी शाळेच्या बरोबर समोर. तरुणपणी पळालो असतो तर निदान कुठं जायचं ते कळलं असतं. शेवटी बागेत जाऊन बसलो. मी फाटकी बाजू बाकाला टेकून बसलो ती पुन्हा उठायची सोय राहिली नाही. थोडा वेळ झाडं पाहिली. मग पुढं करायला काही नव्हतं म्हणून आम्ही काठीनं मातीवर वर्गातलं गणित मांडलं. होय अक्का, वर्गातून पळून जाऊन बागेत लसावि काढला. कंडक्टरचं उत्तर एक आलं, माझं दुसरं, कडाक्याचं भांडण झालं, आणि कोणाचं बरोबर हे विचारायला वर्गातच जावं लागलं असतं.

इकडे शाळा सुटल्यावर मागचं फाटक उघडतात, ही तिकडूनच निघाली, भाजीवाली जवळ पडते. दुसऱ्या दिवशी हजेरी झाल्यावर हिनं ती चिंधी बाईंच्या टेबलावर नेऊन ठेवली. बाईंनी विचारलं, "हे कोणाचं?" ही शांतपणे म्हणाली, "बाई, टीप दुहेरी आहे, आणि शेवटी उलटा टाका घातलाय. असा टाका एकच माणूस घालतो." एवढं बोलून तिनं फक्त मागं वळून पाहिलं. तिच्याबरोबर सगळा वर्ग वळला. चोराची ओळख चोराच्याच कसबानं पटावी, याला काय म्हणायचं सांग.

आणि बाईंच्या तोंडून सकाळची जीभ निसटली. "उद्या पालकांना घेऊन या. त्याशिवाय दोघांनीही वर्गात बसायचं नाही!"

वर्ग असा हसला की खिडक्या वाजल्या. बाईही लाल झाल्या, पण बोललेला शब्द मागं घेतला तर मॉनिटरसमोर पत जाते. कंडक्टर उठून म्हणाला, "बाई, आमची आई अजून आहे. आणू?" आणि आणली! नव्वदीची म्हातारी, रिक्षातून आली, दोन बायांच्या खांद्यावर हात टाकून वर्गात आली, बाईंना म्हणाली, "हा लहानपणापासून असाच," आणि सगळ्या वर्गासमोर पोराचा कान पिळला. पोराचं वय सदुसष्ट. बाईंनी त्याला आत घेतलं.

राहिलो मी. नंतर व्हरांड्यात बाई हळूच म्हणाल्या, "आजोबा, तोंडातून गेलं हो. पण आता त्या आजी इतक्या लांबून येऊन कान पिळून गेल्या. तुम्हाला तसंच सोडलं तर वर्ग मला खाईल." मी म्हटलं, मुलाला आणतो. बाई म्हणाल्या, पालक म्हणजे तुमच्याहून मोठं माणूस. हिला आणली तर चालेल का विचारलं, तर ही आधीच बोलून बसली, "मी मॉनिटर आहे, मला दोन्हीकडून बोलता यायचं नाही."

इथवर हसण्यासारखं आहे. पुढचं नाही. मला बाहेर ठेवलं त्या दिवशी ही फाटकापर्यंत गेली आणि परत आली. बाईंनी घरी येऊन समजावलं, कंडक्टरनं समजावलं, मी तर पाया पडायचा तेवढा राहिलो. एकच उत्तर, "एकटी नाही जायची म्हटलं होतं." परीक्षा तोंडावर आलीय, आणि आता गैरहजेरी वाढली तर हिला बसू देणार नाहीत. हिचं दप्तर खुंटीला. काल सकाळी हिनं भाजी आपल्याकडे ओढून घेतली आणि पेपर माझ्या हातात दिला. तुला वाटेल, मला हवं तेच झालं. मीही तसंच समजून मोठ्यानं वाचायला लागलो. पहिलं पान वाचलं, दुसरं वाचलं, खेळाचंही वाचलं. हिनं एकदाही "हूं" केलं नाही. मग मीच पेपर घडी करून ठेवला. अक्का, ऐकणारं माणूस असं समोर बसूनही निघून गेलेलं मी आधी पाहिलं नव्हतं.

असो. तुला उगाच घोर नको. हे सगळं मन मोकळं करायला लिहिलं, मागायला काही लिहिलेलं नाही. गुडघ्यांना तेल लाव. सगळ्यांना जपून राहायला सांग.

तुझा धाकटा.

ता. क. मागायला काही नाही असं वर लिहिलं ते पत्र चांगलं दिसावं म्हणून. माझ्याहून मोठं असं आता जगात माझं तूच उरलीस. पालक म्हणून बाईंना चार ओळी लिहून पाठव. तुझे गुडघे मी त्यांना सांगितलेत, पत्र चालेल म्हणाल्या. "मुलगा स्वभावानं चांगला आहे, पुन्हा असं करणार नाही, वर्गात घ्यावं," एवढं पुरे. "नजर ठेवा" वगैरे लिहू नकोस, ठेवणारी पहिल्या बाकावर बसते.

आणखी एक. भाऊजींना यातलं सांगू नकोस. त्यांना सांगायचं तर ओरडून सांगावं लागणार आणि मग तुमच्या सगळ्या गल्लीत मी नापास होणार.

ती. वन्सं,

पत्र पेटीत टाकायला माझ्याकडे दिलंय. पाकीट चिकटवायच्या आधी वाचलं. आता वाचता येतं, त्याला मी काय करू.

हे पाण्याला म्हणून उठले तेव्हाच मी ओळखलं होतं. पहिल्या बाकावरून फाटक दिसतं. हाक नाही मारली. जन्मभर मान वर न करता बसलेलं माणूस, एक दुपार पळालं तर पळू दे म्हटलं. चिंधी दिली ती अशासाठी, की सवय लागायला नको. बाई पालक मागतील हे काय मला माहीत होतं?

पेपर मी मनात वाचते तो चुकू नये म्हणून. मोठ्यानं वाचलं आणि अडले तर हे सांगायला धावतील. परीक्षा झाली की मोठ्यानं वाचीन, तसं ह्यांना मी सांगितलेलं नाही, तुम्हीही सांगू नका.

तुम्ही कडक लिहा. मोठ्या अक्षरात लिहा, वर्गात उभं राहून मलाच वाचायचं आहे. इतकी वर्षं माझा नमस्कार ह्यांच्या अक्षरात यायचा, हा माझ्या अक्षरात. चुका असतील. उत्तर लवकर पाठवा, दिवस थोडे राहिलेत. आणि पाकिटावर नाव माझं घाला. माझ्या नावानं घरी अजून एकही पत्र आलेलं नाही.