पंगतीतले मतदार

ती. अक्कास राजारामचा पिस्कॅटवेहून नमस्कार.

मत दिल्यावर इथे कोटावर एक स्टिकर चिकटवतात. माझ्या एकुलत्या एक लोकरी कोटावरून तो निघत नाहीये. लोकशाहीने माझ्यावर केलेल्या या अन्यायाची इतिहासाने नोंद घ्यावी.

बाकी सगळं ठीक. राज्यातल्या सगळ्या मतदारसंघांचे निकाल लागले. अमेरिकेच्या संसदेसाठी आमच्या मतदारसंघातून उभी राहिलेली तुझी भावजय वीणा तिसरी आली. उभे तिघेच होते. आईला मात्र 'पहिल्या तिघांत आली' एवढंच सांग.

मराठी मंडळाने तिच्यासाठी पंगत घातली होती. चारशे जण जेवले, घोषणा दिल्या, आणि वीणाने चारशे मतं धरली. त्यातले साडेतीनशे व्हिसावरचे, त्यांना इथे मतच नाही. "ताटं मोजलीस, पासपोर्ट मोजायचे होतेस!" असं मी निकालाच्या दिवशी चारचौघांत म्हणालो. सगळे हसले. तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही. पण जेवते वेळेवर, काळजी करू नकोस.

तुझा गुडघा कसा आहे? माझा दुखतो, असं मी ऑगस्टपासून वीणाला सांगत होतो. कारण प्रचारात तिने माझ्याकडे एकच मागितलं होतं, आमच्या गल्लीतल्या चौदा घरी जाऊन ये.

काल गेलो. चौदाही दारं वाजवली, तिच्या वतीने आभार मानले. शेवटच्या घरातली म्हातारी म्हणाली, "आधी कुणी आलंच नाही हो. आलं असतं तर दिलं असतं मत."

घरी येऊन वीणाला ते जसंच्या तसं सांगितलं. गुडघ्याचंही खरं सांगितलं.

तुझा धाकटा,
राजा