तापणारी मशीन आणि सौंसरचा एप्रिल

९ एप्रिल १९८९, रविवार
मशीन परत अडकली. सातवीचे गुण भरत होतो, पडद्यावरची अक्षरं गोठली ती गोठलीच. झाकण काढून प्रोसेसरला बोट लावलं तर चटका बसला. नागपूरहून एकेक भाग आणून माझ्या हातानं जुळवलेला कॉम्प्युटर, आणि अर्धा तास धड चालत नाही. निवू दिला, सुरू केला. पुन्हा तेच.
शाळेचे बडे सर म्हणालेत, वार्षिक निकाल यावर करून दाखव, दिवसभर चालली तर जुलैपासून कॉम्प्युटरचा मास्तर तूच. नाहीतर दादा पुण्यात माझी नोकरी ठरवून बसलाच आहे. मी गेलो की आई इथे सौंसरला एकटी. ती गाव सोडणार नाही, बाबा गेले तेव्हाच सांगून मोकळी झाली. म्हणजे मशीन चालायलाच पाहिजे. दुसरा उपाय नाही.

११ एप्रिल, मंगळ.
वेगाचं टर्बो बटण बंद करून पाहिलं. हळू चालली, जरा जास्त टिकली, मग गेली. डब्याचं जुनं झाकण कापून ॲल्युमिनियमची पट्टी चिपवर बसवली. पट्टीही तापली. आई झाकण शोधत होती.
शेवटी मशीन कूलरच्या तोंडाशी ठेवली, स्वतः घामात. आई : "माणसाले हवा नाही अन् डब्याले कूलर."

१४ एप्रिल, शुक्र. रामनवमी
बसनं पांढुर्ण्याला, वसंताकडे. रेडिओ दुरुस्त करतो, मशीनच्या जोडांना डाग देण्याचं, सोल्डरिंगचं सगळं काम त्यानंच केलं होतं. म्हणाला, "दिल्या, चिपच गेली असंन बे. बदलून टाक." आणि नवीही अशीच तापली तर? "मंग तुह्या नशिबातच नाही."
परतीच्या बसमध्ये खिडकीतून भट्टीसारखी हवा. या गावात माणूस दुपारी टिकत नाही, यंत्र काय टिकणार. वाटलं, दादाला येतो म्हणून टाकावं. मग आईचा चेहरा आठवला आणि…

१६ एप्रिल, रवि.
मी गाढव आहे.
संध्याकाळी आईनं देवाला उदबत्ती केली, रोजच्यासारखी मशीनलाही ओवाळली. आज मागच्या बाजूनं ओवाळली. धूर मागच्या जाळीशी गेला आणि सरळ आत शिरला.
मागचा पंखा आतली गरम हवा बाहेर टाकायला असतो. मी तो जुळवतानाच उलटा बसवला. चुकून नाही, अक्कल लढवून. आपल्याकडे कूलर खिडकीत लावतात, हवा आत घेतात. थंड करायचं म्हणजे आत फुंकायचं, हेच लहानपणापासून डोक्यात. पण पंखा पॉवर सप्लायच्या डब्यात. तिथली सगळी धग मी इतके दिवस प्रोसेसरवर फुंकत होतो. मशीनला घरातच उन्हाळी झळांची लू लावून दिली.
चार स्क्रू काढले, पंखा फिरवला. आई विचारत होती काय झालं. झाकण लावून मशीन सुरू केली.

१७ एप्रिल, सोम.
दुपारभर चालली. आनंद व्हायला हवा. पण चिप आधीच इतकी भाजली, आतून खचली असेल तर कोणाला कळणार? बडे सर : "शनिवारी घेऊन ये, देखते हैं."

२१ एप्रिल, शुक्र. हनुमान जयंती
आई शेजारच्या बायांबरोबर जामसांवलीच्या मारुतीला. मी घरी. दुपारी अडकली. एकदाच, पण अडकली. खचली आहे म्हणजे. उद्या सगळ्यांसमोर फजिती. भिंतीला टेकून बसून राहिलो, जेवलो नाही.
आई आली, प्रसाद दिला. म्हणाली, मारुतीले सांगून आली. तिला अडकल्याचं बोललो नाही.

२२ एप्रिल, शनि.
हातगाडीवर मशीन शाळेत नेली. बडे सर शेजारी खुर्ची टाकून बसले. सातवी झाली, आठवी झाली. मी पडद्याकडे कमी आणि झाकणाकडे जास्त पाहत होतो. शाळा सुटेपर्यंत चालली. सर : "सोमवारपर्यंत नववी आटप. मंग कमिटीशी बोलतो, तुहं पक्कं समज."
मशीन घेऊन घरी आलो, आईला म्हटलं, मारुतीनं ऐकलं तुझं. ती भाकर थापत होती, थापतच राहिली.
"कुठं ऐकलं? मी त पुण्याचं मागितलं होतं."
भाकर तव्यावर टाकून म्हणाली, "माह्यासाठी राहून राहिला न तू? मी म्हटलं होतं का राहा म्हणून? दादाले मी कळवलं बी, दिल्या येऊन राहिला म्हणून." मी म्हटलं, तू एकटी कशी राहशील. "राहीन. पण माह्यापायी गावात बसला, हे ओझं मले नको देऊ. मी गेल्यावर मंग कोणावर चिडशील?"
भाकर करपली. तिच्या हातून कधी करपत नाही.

२३ एप्रिल, रवि.
सकाळपासून नववीचे गुण भरतोय. आई आतल्या खोलीत माझे सदरे काढून घड्या करतेय. मी नको म्हटलं नाही, हो पण म्हटलं नाही. इतके दिवस जिच्यासाठी हे सगळं चाललं होतं असं मी समजत होतो, तिला ते नकोच होतं. मग मला कशासाठी हवं आहे, ते सांगता येत नाही.
मधूनमधून झाकणावर हात ठेवून पाहतो. कोमट लागतं, बस. आज अडकली असती तर मला काही ठरवावं लागलं नसतं. दुपार झाली. चालूच आहे.