मद्यावरचं शब्दकोडं

अहो,

आत्याबाईंना ताप आलाय, म्हणून उरणला जातेय. पाचच्या एस.टी.नं परत येईन. भात कुकरमध्ये आहे, आमटी तेवढी गरम करून घ्या.

रविवारच्या पुरवणीतलं शब्दकोड्याचं पान सकाळी मीच लपवलं होतं. या वेळचं सगळं कोडं मद्यावर आहे, आणि दारू सोडून तुम्हाला जेमतेम दोन महिने झालेत. मग माझी मलाच लाज वाटली. पान टेबलावर ठेवलंय. ‘गवयाच्या सुरात लपलेली दारू, अक्षरं दोन’ एवढं मला सुटलं: सुरा. बाकीचं तुम्ही सोडवा.

शेजारच्या हेतलबेनना लक्ष ठेवायला सांगितलेलं नाही. आणि या खेपेला दाराला बाहेरून कुलूपही लावलेलं नाही.

वसुंधरा