डॉक्टरांनी दोनदा विचारलेला प्रश्न

प्रिय अण्णा,

फोनवर तुला ओरडून सांगावं लागतं, आणि हे ओरडून सांगण्यासारखं नाही. मेसेज करावा तर तुझा मोबाइल चिकपेट बाजारातल्या दुकानात सगळ्यांच्या हातात. म्हणून पाकीट बंद करून माझ्या नवऱ्याबरोबर पाठवते आहे. एकट्यानं वाच.

आमच्या सिद्धीचं तुला अर्धंच ठाऊक आहे. दोन वर्षांची असल्यापासून सर्दी झाली की तिसऱ्या दिवशी कान ठणकायचा, ताप चढायचा, मग सकाळी उशीवर पिवळा डाग. आता पाच वर्षं संपतील. आषाढात डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून दाखवलं. नाकामागून कानाकडे एक बारीक नळी जाते, मोठ्यांची उतरती, मुलांची आखूड आणि जवळजवळ आडवी. जंतू सहज वर चढतात, आतलं पाणी मात्र उतरत नाही, साचून घट्ट होतं. बहुतेक मुलं वाढता वाढता यातून सुटतात. काही सुटत नाहीत, कारण नळीची घडण, जंतूंशी झुंजायची ताकद, यातलं बरंचसं आईबापांकडून येतं. एखादं जनुक बोट ठेवून दाखवता येत नाही, पण घराण्यात दिसतं. मग त्यांनी विचारलं, माहेरी कुणाचा कान वाहायचा का, कुणाचं ऑपरेशन झालं होतं का?

सासूबाई शेजारी बसल्या होत्या. मी म्हणाले, "कुणाचंच नाही."

त्याच आठवड्यात तुझ्या सौम्याचं सासूबाईंच्या भाच्याच्या मुलाशी, शंतनूशी, लग्नाचं बोलणं सुरू झालं होतं, हे खोटं बोलण्याचं कारण आहेच. पण खरं सांगू? तेवढा विचारही मी केला नाही. आपल्याकडे हा प्रश्न स्थळ बघायला आलेले लोक विचारतात, आणि त्याचं उत्तर आपल्याला पाठ आहे. तुझ्या वेळी आप्पाजींनी पाहुण्यांना तुझ्या उजव्या हाताला बसवलं आणि डावीकडे मला. तुला काही ऐकू गेलं नाही तर मी गुडघ्यानं ढोसायचं. पंधरा वर्षांची होते, मजा वाटली होती. झाकली मूठ सव्वा लाखाची. त्याच्याही आधी मीच चुगली करायचे, अण्णाला ऐकू येतं, मुद्दाम ओ देत नाही. तू मार खायचास आणि मी बघत राहायचे.

माझ्या उत्तरावर डॉक्टर म्हणाले, तीन महिने वाट पाहू. दसऱ्याला सिद्धी डावीकडून हाक मारली तर वळेना. मी तिच्यावर चिडले अण्णा, तिला म्हटलं, नाटकं करतेस. गेल्या आठवड्यात स्कॅन झाला. पडद्यामागे कातडीची पिशवी वाढली आहे, ती शेजारचं हाड खाते. ऐकू येण्यासाठी आत तीन इवली हाडं असतात, त्यांतलं एक उरलेलंच नाही. मला जेवण जात नाही. ती समोर खेळत असली की मला तिच्या नजरेला नजर देववत नाही. काल डॉक्टरांनी तोच प्रश्न पुन्हा विचारला, कारण आता दुसऱ्या कानाचीही काळजी आहे.

सासूबाई तिथेच होत्या. मी सगळं सांगितलं, तुझं नाव घेऊन. नवव्या वर्षी डाव्या कानामागून केलेलं ऑपरेशन, बाराव्या वर्षी पुन्हा, आणि तो कान कायमचा गेला. हे आधी कळतं तर मी थांबलो नसतो, एवढंच डॉक्टर म्हणाले. घरी पोचताच दार लोटून सासूबाईंनी भाच्याला फोन लावला. सौम्याचं मोडलं तर माझ्यामुळे मोडलं, आणि ते दुसऱ्या कुणाकडून तुला कळू नये म्हणून लिहिते आहे. आधी विचारलं असतं तर तू 'सरी, ठीक आहे, सांग' म्हणाला असतास, हे मला ठाऊक होतं. म्हणूनच विचारायला जीभ रेटली नाही. सोमवारी सकाळी सातला सिद्धीला ऑपरेशनसाठी आत नेणार आहेत. ती सारखी विचारते, किती दुखतं? इथे कुणालाच सांगता येत नाही. रागावून ये, माझ्याशी बोलू नकोस, पण ये आणि तिला सांग.

तुझीच,
मनस्विनी