काळ्या बाटलीचे वारस

शुक्रवार, दिनांक १९ ऑक्टोबर २००१, सकाळचे अकरा वाजून चाळीस मिनिटे. हा कागद पुढे ओढण्याआधी मी पावाच्या तुकड्याने मार्माइटच्या बाटलीचा तळ पुसत होतो. अहमद जुम्म्याच्या नमाजाला गेला आहे. तो एकच्या सुमारास परत येईल. त्याआधी मला हे संपवायचे आहे, कारण त्याच्या तोंडावर मला हे सांगता येत नाही.

मी, भिवा गणपत साटम, वय सव्वीस, मूळ कणकवली तालुक्याचा, हल्ली शारजात तिघांच्या खोलीत खिडकीकडच्या खालच्या खाटेवर राहणारा, दुबईत अल मनखूल येथे उल्हासशेठच्या ग्रोसरीत माल लावणारा, लिहून ठेवतो की माझे डोके ठिकाणावर आहे, मला कोणी धाक घातलेला नाही आणि मी काही प्यायलेलो नाही. या शेवटच्या मुद्द्याबद्दल कलम चार पाहावे.

कार्टन उचलून उचलून मला हर्निया झाला आहे. आज संध्याकाळी पाच वाजता भरती, उद्या सकाळी ऑपरेशन. डॉक्टर म्हणाले, छोटेसे काम आहे, अर्धा तास. दुकानात "छोटंसं काम आहे" म्हणून आलेले गिऱ्हाईक तासभर हलत नाही, हे मी सहा वर्षे पाहत आलो आहे. म्हणून हे मृत्युपत्र.

नमुना म्हणून उल्हासशेठच्या काकांच्या मृत्युपत्राची झेरॉक्स समोर ठेवली आहे. त्यात आमराई, अज्ञान मुले आणि द्वितीय पत्नी यांची कलमे आहेत. माझ्याकडे तिन्ही नसल्यामुळे ती गाळली. मी नववी अर्ध्यावर सोडली. तरी ज्या शब्दांचा संशय आला ते कोशात पाहून घेतले आहेत.

कलम १. गावच्या घरातला माझा हिस्सा आणि बँकेत माझ्या नावावर जे आहे ते सगळे माझी आई मनोरमा हिला द्यावे. तिने त्यातून आधी न्हाणीचा पत्रा बदलावा. ती आधी देवळाची वर्गणी भरेल हे मला ठाऊक आहे, म्हणून हे लेखी दिले. चुलत्यांना काही देऊ नये. त्यांनी आमचा फणस तोडला तेव्हा विचारले नव्हते. आता मीही विचारत नाही.

कलम २. भाव चिकटवायचे मशीन दुकानाचेच आहे, ते दुकानात राहावे. त्याचा खटका डावीकडे दाबून धरावा लागतो, नाहीतर अकराचे एकशे दहा होतात. माझी निळी वही मात्र माझी आहे. ती उल्हासशेठच्या पत्नी सविता वहिनी यांना द्यावी. मार्माइट म्हणजे यीस्टचा काळा, खारट, चिकट लेप. दुकानात ही बाटली मागायला येणारी माणसे ती कशी खातात, हे मी त्यांना विचारून वहीत उतरवले आहे.

इंग्लिश मॅडमची रीत पहिल्या पानावर आहे. टोस्ट गरम हवा. आधी लोणी, ते विरघळेपर्यंत थांबायचे, मग लेप इतका पातळ ओढायचा की खालचा पाव दिसला पाहिजे. वर चीज चालते. अंडे चालते. जाड थर लावणारा माणूस तिच्या मते एकतर लहान मूल असतो नाहीतर परदेशी. ऑस्ट्रेलियन साहेबाला आपल्या देशाचाच लेप लागतो. आमची बाटली, तो म्हणतो, दाराच्या बिजागरीला बरी. एकदा ही दोघे काउंटरपाशी वीस मिनिटे यावरून भांडली आणि शेवटी दोघांनी न्यायनिवाडा माझ्यावर सोपवला. मी दोघांना वेगवेगळे गाठून "तुमचाच चांगला" म्हणून सांगितले. श्रीलंकेची नर्स हा लेप गरम पाण्यात ढवळते, वर लिंबू पिळते, मिरपूड घालते आणि सर्दीवर पिते. हे मी स्वतः करून पाहिले. सर्दी गेली नाही, पण सर्दी असल्याचे विसरायला झाले.

इंग्लिश मॅडम दर उन्हाळ्यात सुट्टीवर जाते आणि येताना बॅगेत याच लेपाच्या तीन बाटल्या आणते. आमच्याकडे तोच माल, तोच कारखाना, भावही बरा. मी विचारले तर म्हणाली, घरून आणलेली वेगळी लागते. दुकानातले बाकीचे हसले. मी हसलो नाही. माझ्या बॅगेतही दरवर्षी दोन किलो कोकम असते, आणि कोकम आमच्याच दुकानात तिसऱ्या फळीवर आहे.

कलम ३. मला हे व्यसन कसे लागले ते. उल्हासशेठ झाकण चेपलेला माल नोकरांना वाटून टाकतात. १९९६च्या डिसेंबरात माझ्या वाट्याला अशी एक बाटली आली. लेबल फाटले होते. काळे, चिकट, चमच्याला तार सुटते. मी ते च्यवनप्राश समजलो. थंडी होती, आईचे पत्र आले होते, तब्येतीला जप म्हणून. मी सकाळी उपाशीपोटी मोठा चमचा भरून घेतला आणि वर दूध प्यायलो.

पुढचे अहमद अजून लोकांना सांगतो. अहमद राजापूरचा, दुकानाची व्हॅन चालवतो. पहिल्या दिवसापासून आम्ही दोघे एका खोलीत आहोत आणि चुलीवरची पाळीही आमची एकत्र. त्या दिवशी त्याने मला बेसिनपाशी धरून ठेवले, पाणी दिले, आणि मग स्वतः बोटाच्या टोकावर थोडेसे घेऊन चाखत म्हणाला, "अरे, हे खायचं नाही. हे घालायचं."

त्याच शुक्रवारी आम्ही काळ्या वाटाण्याच्या सांबाऱ्यात नखाएवढा लेप घातला. तेव्हापासून दर शुक्रवारी नमाजाहून आला की तो घावने काढतो आणि मी सांबारे करतो. सुट्ट्या आणि रोजे सोडले तर पाच वर्षे यात खंड नाही. सविता वहिनींनी एकदा ते खाऊन मसाला कोणता म्हणून विचारले. मी "गावचा" म्हणालो. ते खोटे होते. वहिनी, तो तुमच्याच दुकानातला होता.

कलम ४. हे कलम अहमदसाठी आहे.

दोन महिन्यांपूर्वी इंग्लिश मॅडम सहज बोलून गेली की हा लेप ब्रूअरीतून निघणाऱ्या यीस्टचा करतात. मी तो शब्द कोशात पाहिला. मग दुसऱ्या कोशात पाहिला. दोन्हीकडे अर्थ एकच, बिअरचा कारखाना. बिअर गाळून झाली की खाली जो गाळ राहतो, त्यापासून.

त्यानंतर मला नीट झोप नाही. शारजात दारूचा थेंब चालत नाही. आणि पाच वर्षे मी या बाटल्या दुबईहून आणतो त्या अहमदच्या व्हॅनमधून, त्याच्याच सीटखाली, टॉवेलात गुंडाळून. कोणी अडवले तर लायसन्स त्याचे जाणार. त्याहून वाईट म्हणजे जो माणूस थेट मशिदीतून येऊन माझ्याबरोबर जेवायला बसतो, त्याला मी हे खाऊ घातले. पहिली पावणेपाच वर्षे अजाणता. शेवटचे दोन महिने जाणूनबुजून. या दोन महिन्यांत मी लेप घालायचा सोडून पाहिला, तर त्याने पहिल्याच घासाला विचारले, आज तुझा हात का आखडला? मी पुन्हा घातला.

अहमद, उद्या मी उठलो नाही तर हे तुला दुसऱ्या कोणाकडून कळू नये. उठलो तर आपले शुक्रवार राहतील की नाही, ते तू ठरव. मी त्याबद्दल एक शब्द बोलणार नाही.

कलम ५. खोलीतला तिसरा माणूस सत्यजित. हा अबुधाबीत वाढला. आईवडील पुण्याला परत गेले, हा एका कंपनीत अकाउंट्सला राहिला. मराठीत विचारले तर इंग्रजीत उत्तर देतो. माझ्या लेपाला तो पहिल्यापासून शू पॉलिश म्हणतो. गेल्या डिसेंबरात बाटलीची पातळी रोज उतरू लागली. मी लेबलावर पेन्सिलीने खुणा केल्या. सकाळी पाहावे तर खूण वर, लेप खाली. अहमद चोरून खाणारा नव्हे. म्हणून मी सत्यजितला विचारले. तो म्हणाला, "आय डोंट ईट टार." टार म्हणजे डांबर. मी त्याला चोर म्हणालो. तेव्हापासून दहा महिने आम्ही बोललेलो नाही.

पुढचेही लिहितो, कारण खोटे ठेवून ऑपरेशनला जाऊ नये. जानेवारीत मी मुदत संपलेल्या एका बाटलीतला लेप त्याच्या पॉलिशच्या डबीत भरला. चार दिवस त्याने बुटांना तोच लावला. चमक बरी येत होती.

सत्यजितला माझ्याकडून एक रिकामी बाटली द्यावी, पेन्सिलीच्या खुणांसकट.

कलम ६. कपाटात सीलबंद एक बाटली आहे, मोठी. ती आणि खिडकीकडची खालची खाट अहमदला द्यावी. त्याचे गुडघे दुखतात आणि तो वरच्या खाटेवर चढताना मोठ्याने अल्लाचे नाव घेतो, ते मला सहा वर्षे ऐकू येत आहे. कलम चार वाचून त्याला बाटली नको झाली तर ती इंग्लिश मॅडमला द्यावी. खाट मात्र त्याने घ्यावी.

साक्षीदारांबाबत. एक वाजून दहा मिनिटांनी अहमद आला. मी कागद त्याच्या हातात दिला आणि खिडकीकडे तोंड केले. त्याने टोपी न काढता, उभ्यानेच वाचले. कलम चार त्याने दोनदा वाचले, हे पानाच्या आवाजावरून कळले. मग तो म्हणाला, "हे मला नव्व्याण्णव सालापासून ठाऊक आहे."

मी विचारले, मग सांगितलं का नाहीस?

"तुला सांगितलं असतं तर तू घाबरून आणायचं बंद केलं असतंस. मग मी शुक्रवारी काय, कोरडं घावन खाल्लं असतं?"

सुट्टीत त्याने एक बाटली गावच्या मौलवींपुढे नेऊन ठेवली होती. त्यांनी वास घेतला, चाखून पाहिले, दोन तांबे पाणी प्यायले आणि सांगितले की याने कोणाला चढणार नाही, चढलेली असली तर उतरेल. खुशाल खा.

मी खाटेवर बसलो. तो पुढे वाचत गेला. कलम पाच आले तसा तोही माझ्या शेजारी बसला.

"भिवा," तो म्हणाला, "डिसेंबरात रमजान होता."

सेहरीला, म्हणजे रोज्याआधीच्या पहाटेच्या जेवणाला, तो पावावर लेप लावून खात असे. आम्ही झोपलेले असू, म्हणून विचारले नाही. दिवसभर तहानेने जीव जाई, ती शिक्षा पुरे झाली असे त्याला वाटले होते. माझ्या पेन्सिलीच्या खुणा त्याला कधी दिसल्याच नाहीत. पहाटे तो दिवा लावत नसे. आणि माझे नि सत्यजितचे बोलणे बंद झाले ते सत्यजितच्या मोज्यांच्या वासावरून, असा त्याचा समज होता.

साक्षीदार दोन लागतात. तेवढ्यात सत्यजित धुतलेल्या कपड्यांची बादली घेऊन आत आला. अहमदने त्याला कागद दिला. मी नको म्हणेपर्यंत तो कलम पाचवर पोचला होता. मी त्याची माफी मागितली, ते कलम लगेच बदलतो म्हणालो. त्याने हात वर करून मला थांबवले, शेवटपर्यंत वाचले आणि दहा महिन्यांनी, मराठीत, बोलला.

"तरीच. क्लायंटच्या मीटिंगमध्ये माझ्या बुटांवर मुंग्या."

मग त्याने पेन मागितले.

दुरुस्ती: कलम पाचमधली रिकामी बाटली रद्द. त्याऐवजी सत्यजितला आजपासून दर शुक्रवारी पान वाढावे. लेप त्याने स्वतः मागितला तरच घालावा.

लिहून देणार: भिवा गणपत साटम
साक्षीदार: १. अहमद इब्राहिम सोलकर, २. सत्यजित (सही इंग्रजीत)
शारजा, १९ ऑक्टोबर २००१, दुपारचे दोन

हिशेब

एकूण बाटल्या एकेचाळीस. पैकी चेपलेल्या म्हणून फुकट मिळालेल्या एकवीस. विकत घेतलेल्या सोळा, अकराच्या भावाने १७६ दिरहम, म्हणजे २२८८ रुपये. आईला हा आकडा सांगू नये. उरलेल्या चार बाटल्यांची झाकणे मी स्वतः चेपली.

उल्हासशेठना देणे: त्या चार बाटल्यांचे ४४ दिरहम.
सत्यजितला देणे: पॉलिशची डबी, ५ दिरहम. चार दिवसांची चमक वजा करायला तो तयार नाही.
अहमदकडून येणे: अर्धी बाटली.

या ओळीपुढे अहमदने माझ्या हातातून पेन घेऊन आपल्या अक्षरात लिहिले आहे. ते तसेच ठेवतो: कबूल. फक्त भिवालाच देईन, दुसऱ्या कोणाला नाही. शनिवारी, तो शुद्धीवर आल्यावर.